संदुकीत निघालेली मोडी सनद, किनखापाची थैली आणि रावसाहेबीचा कागद : काय करावं याचं?

वर्धाकाठचा

राम राम मंडळी. आर्वी तालुक्यात वर्धा नदीच्या अलीकडच्या काठाला गाव आहे आमचं. जुना वाडा यंदाच्या पावसात एका अंगानं बसला, म्हणून माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलं तर त्यात आबाजींची सिसमची संदूक निघाली. कुलूप पार गंजलं होतं, लोहाराकडून तोडून घेतलं. आत आजीचा शालू, अडकित्ता, जुन्या पावत्या, अन सगळ्यात खाली लाल फडक्यात बांधलेला एक रुमाल. त्यात तीन वस्तू आहेत, त्याच्याचसाठी लिहून रायलो.

एक म्हणजे लांब कागद, गुंडाळी केलेला. हळूहळू उलगडला तर जवळजवळ माझ्या खांद्याएवढा भरला. दोन-तीन कागद एकाखाली एक चिकटवलेत, सगळं मोडीत आहे, वर काळ्या शाईचा गोल शिक्का अन शेवटी एक छोटा शिक्का. जिथं कागद जोडले तिथं पाठीमागूनही शिक्का मारलेला दिसते, अर्धा या कागदावर, अर्धा त्या कागदावर.

दुसरी थैली. किनखापाची, लाल अन जरीची, वीतभर रुंद, हातभर लांब. तोंडाला रेशमी दोरी अन दोरीच्या टोकाला लाखेचा जाड शिक्का, रुपयाच्या नाण्यापेक्षा बराच मोठा, त्यात फारसी अक्षरं उठलेली. थैली रिकामी आहे, आतून अजूनही काहीतरी अत्तरासारखा वास येते.

तिसरा काचेच्या फ्रेममधला इंग्रजी कागद, १९३४ चा. आमच्या पणजोबांना रावसाहेब किताब दिल्याचा, खाली व्हाईसरॉयची सही. याचं घरात सगळ्यांना माहीत होतं, पण फ्रेम कुठं गेली ते कोणालेच माहीत नव्हतं.

आता घरात ऐकत आलो ते असं की आपले पूर्वज नागपूर दरबारात वकील होते. आम्ही समजत होतो कोर्टातले वकील, काळा कोट वगैरे. अन आबाजी कधी उदास झाले की म्हणत, "नदीनं खाल्लं आपलं गाव." त्याचा अर्थ आम्ही लावला की पुरात एखादं गाव वाहून गेलं असन.

अडचण अशी आहे की एक चुलतभाऊ म्हणते लॅमिनेशन करून बैठकीत लावू. दुसऱ्यानं मोबाईलवर फोटो फिरवले तर एक माणूस गाडी घेऊन घरी आला, थैली अन रावसाहेबीच्या कागदाचे चाळीस हजार देतो म्हणते, मोडीचा कागद मात्र नको म्हणते, त्याले गिऱ्हाईक नाही. बाबा काही बोलत नाहीत. रोज संध्याकाळी रुमाल सोडतात, पाहतात, परत बांधतात. मले घाईनं काही करायचं नाही. तिन्ही वस्तूंचे फोटो टाकलेत. हे नेमकं काय आहे, कोणी सांगन का? अन मोडी कोण वाचून देईल?

---

बोरूवाला (नागपूर)

भाऊ, सगळ्यात आधी त्या माणसाला थांबवा. तो जो कागद नको म्हणतो आहे तोच तुमच्या घरचा सगळ्यात मोलाचा कागद आहे, बाकीच्या दोन वस्तूंचा अर्थ त्याच्याशिवाय लागणार नाही.

मी गेली काही वर्षं मोडी वाचतो, फोटोवरून जेवढं दिसलं तेवढं सांगतो. ही सनद आहे, म्हणजे राजानं मान किंवा हक्क दिल्याचा शिक्क्याचा कागद. वरचा गोल तो धन्याचा शिक्का, शेवटचा छोटा तो मोर्तब, म्हणजे मजकूर इथं संपला, याच्या पुढे कोणी एक ओळ वाढवली तर ती खोटी. जोडावरचा शिक्काही त्याच कारणानं, मधला कागद काढून दुसरा घालता येऊ नये. म्हणजे तुमच्या हातात असलेली प्रत अस्सल असण्याची शक्यता चांगली आहे, कारण नुसती नक्कल असती तर शिक्क्याच्या जागी बहुतेक नुसतं "शिक्का" असं लिहिलेलं असतं.

वकील शब्दाचं तर फार महत्त्वाचं आहे. त्या काळी वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीनं राहणारा माणूस, आजच्या भाषेत राजदूत. नागपूरकर भोसल्यांचे वकील पुण्याला असत, हैदराबादेला असत, रोजच्या घडामोडी पत्रानं कळवत, तहाची बोलणी करत. इंग्रजांकडूनही माणसं नागपूरला येऊन राहिली, जॉर्ज फॉर्स्टर तर १७९१ ला नागपुरातच वारला, मग कोलब्रुक आला, इंग्रजांशी झालेल्या १८०३ च्या लढाईनंतर एल्फिन्स्टन रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, म्हणून आला. आणि या शब्दाची सगळ्यात मोठी पदवी म्हणजे वकील-ए-मुतलक, बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, ती दिल्लीच्या बादशहानं महादजी शिंद्यांच्या खटपटीनं पेशव्यांना दिली. त्याचं फर्मान घेऊन महादजी १७९२ ला पुण्याला आले तेव्हा जो समारंभ झाला त्याला फर्मानबाडी म्हणतात. बादशहाच्या नावानं रिकामं तख्त मांडलं होतं, आणि सवाई माधवरावांनी त्या तख्तापुढे नजराणा ठेवून फर्मान घेतलं. कागद हा नुसता कागद नव्हता हो, तो माणसासारखा दरबारात यायचा, त्याला सामोरं जायचं, त्याला मान द्यायचा.

तुमची थैली त्याच रीतीतली आहे. राजेरजवाड्यांची पत्रं, विशेषतः फारसी खरीते, सोन्याचा वर्ख शिंपडलेल्या कागदावर लिहून किनखापाच्या थैलीत घालत आणि दोरीला लाखेचा शिक्का लटकवत. तुमच्याकडचा खरीता कुठं गेला माहीत नाही, पण लाखेवरचं फारसी नाव वाचलं गेलं तर कोणाच्या दरबारातून आला ते कळेल. म्हणून ती लाख अजिबात घासू नका, त्याला तेल लावू नका, उन्हात ठेवू नका, लाख मऊ पडते.

शेवटच्या चार-पाच ओळींचा जवळून फोटो टाका, सावलीत, फ्लॅश न मारता. तारीख तिथंच असते.

---

अचलपूरवाली

दादा, लॅमिनेशन करू नका. हात जोडून सांगते.

आमच्या घरी माझ्या आजोबांकडे देशपांडेपणाचा एक कागद होता. मी तेव्हा कॉलेजात होते, मलाच सगळ्यात जास्त हौस होती. कागदावर धूळ आणि पिवळे डाग होते म्हणून मी आधी ओल्या फडक्यानं पुसला. जुनी काळी शाई काजळाची असते आणि डिंकात घोटलेली असते, पाणी लागलं की सुटते, हे मला कोण सांगणार होतं. माझ्या डोळ्यांदेखत तीन ओळी फडक्यावर आल्या. मग घाबरून उरलेला तरी वाचावा म्हणून झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट केला. आता आत प्लास्टिकला चिकटून कागद तपकिरी झाला आहे, कडेनं फुगे आले आहेत आणि तो बाहेर काढायचा म्हटलं तर कागदच प्लास्टिकसोबत निघतो. आजोबा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी तो कागद हातात घेतला नाही. मला अजून ते आठवलं की पोटात कालवतं.

त्यानंतर जे शिकले ते सांगते. सेलोटेप लावायची नाही, फेविकॉल नाही, पिन नाही, स्टेपल नाही. जबरदस्तीनं सरळ करायचा नाही, शंभर-दोनशे वर्षं गुंडाळीत राहिलेला कागद एका दुपारी सपाट होत नाही, घडीवरच तुटतो. हात कोरडे आणि स्वच्छ हवेत. वाळवी आणि कसर, हे दोन शत्रू. कसर म्हणजे ते चंदेरी शेपटीचे बारीक किडे, खळ खायला येतात, म्हणून जोडाच्या जागी आधी भोकं पडतात, तिथं नीट पाहा. धुतलेलं, पांढरं, खळ नसलेलं सुती कापड घ्या आणि त्यात गुंडाळा, लाल फडकं तेवढं वेगळं ठेवा, ओल आली की रंग सोडतं. भिंतीला लागून ठेवू नका, आणि मातीच्या भिंतीच्या वाड्यात तर खालच्या कोनाड्यात मुळीच नको. डांबराच्या गोळ्या थेट कागदाजवळ टाकू नका.

रावसाहेबीचा कागद फ्रेममधून काढायची घाई नको, काचेला चिकटला असेल तर फाटेल. फक्त भिंतीवर उन्हासमोर टांगू नका.

---

जुनेदफ्तर (अमरावती)

रावसाहेबीबद्दल मी लिहितो, माझ्याकडे असे दोन-तीन कागद पाहण्यात आलेत.

रावसाहेब, मग रावबहादूर, त्याच्या वर दिवाणबहादूर अशी चढती होती. मुसलमान असला तर खानसाहेब, खानबहादूर. नवीन वर्षाला आणि इंग्लंडच्या बादशहाच्या वाढदिवसाला याद्या निघायच्या. मालगुजार (गावाचा सारा सरकारात भरणारे गावमालक), ऑनररी मॅजिस्ट्रेट, डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर काम केलेले, युद्धफंडाला मदत केलेले, अशा लोकांना मिळायची. सनदेत इंग्रजीत स्पष्ट असतं की हा किताब व्यक्तिशः दिला आहे, म्हणजे तो मुलाकडे जात नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत नातवापर्यंत रावसाहेब म्हणत राहिले तो लोकांचा मान होता, सनदेचा नव्हे. १९११ पासून किताबासोबत गळ्यात घालायचा बिल्लाही मिळत असे. संदुकीत परत एकदा पाहा, शालूच्या घडीत वगैरे असू शकतो.

माझं स्वतःचं मत असं की या किताबांकडे नुसतं इंग्रजांचे हुजरे म्हणून पाहणं बरोबर नाही. आमच्या अमरावतीचे रावबहादूर मुधोळकर १९१२ ला बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले, किताब आणि काँग्रेस दोन्ही एकाच माणसाकडे होतं. दुसरीकडे तुमच्याच वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी असहकाराच्या वेळी रायबहादुरी परत केली. दोन्ही माणसं खरी. तुमच्या पणजोबांनी किताब ठेवला की परत केला, गावात त्यांच्याबद्दल काय बोललं जायचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आताच लिहून घ्या, ते कोणत्याही सनदेत सापडत नाही. १९५० ला राज्यघटनेच्या १८ व्या कलमानं किताब संपले, आणि आपल्या मध्यप्रांतातली मालगुजारी १९५१ ला संपली, म्हणजे तुमच्या घरात एका पिढीत दोन्ही गोष्टी गेल्या असणार. फ्रेम माळ्यावर का गेली, त्याचं उत्तर कदाचित तिथंच असेल.

विकण्याचं कायद्यानं असं आहे की १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. ७५ वर्षांच्या वरचे ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित, दस्तऐवज त्यात येतात. अशा वस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि त्या देशाबाहेर खाजगी माणसाला पाठवता येत नाहीत. जो माणूस दारात गाडी उभी करून रोख देतो म्हणतो त्याला आधी लायसन्स दाखव म्हणा.

---

वर्धाकाठचा

सगळ्यांचे खूप खूप आभार. ताई, तुमचं वाचून चुलतभावाले दाखवलं, तो गप्प झाला, लॅमिनेशनचं नाव काढलं नाही मग. त्या माणसाले फोनवर लायसन्स विचारलं तर नंतर सांगतो म्हणाला, त्यानंतर त्याचा फोनच आला नाही.

बिल्ला नाही सापडला. पण जुनेदफ्तर भाऊ, तुम्ही म्हटलं म्हणून मोठ्या आत्याले विचारलं, तिले ८४ वर्षं आहेत. ती म्हणे फ्रेम बैठकीतच होती, मालगुजारी गेली त्या वर्षी आबाजींनी स्वतः स्टूल घेऊन उतरवली, कोणी काही म्हटलं नव्हतं.

मोडीचा शेवटचा भाग फोटो काढून टाकलाय. मी अक्षरांचा तक्ता घेऊन दोन रात्री बसलो. मले जे लागलं ते असं :

"...प्रति वर्षी नूतन पत्राचा उजूर न करणे. या पत्राची प्रति लेहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परतोन देणे. जाणिजे. छ ५ जिल्काद. सन तिसा समानीन मया व अलफ..."

बरोबर आहे का? अन याचा अर्थ काय?

---

बोरूवाला

भाऊ, दोन रात्रींत एवढं वाचलं म्हणजे कमाल केली, अक्षरशः डोळ्यात पाणी आलं. मोडीत आधी आडवी रेघ मारून मग तिला अक्षरं लटकवत जातात, हात उचलायचा नाही, त्यामुळे शब्द कुठं तुटतो तेच नव्या माणसाला कळत नाही. तुम्ही तोडले ते बरोबर तोडले.

आता ऐका. तारीख शुहूर सनात आहे, म्हणजे मराठेशाहीच्या दफ्तरात चालायची त्या कालगणनेत. तिसा म्हणजे नऊ, समानीन म्हणजे ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. झाले अकराशे एकोणनव्वद. यात ५९९ मिळवायचे, म्हणजे १७८८. शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं. "छ" म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख, जिल्कादची पाचवी. म्हणजे १७८८ चा ऑगस्टचा पहिला पंधरवडा. त्याच वर्षी मे महिन्यात मुधोजी भोसले वारले आणि सगळा कारभार दुसऱ्या रघूजींच्या हातात आला. कारभार बदलला की लोक जुन्या सनदा नव्यानं करून घेत, नजराणा भरून. तुमच्या पूर्वजांनी तेच केलेलं दिसतं.

"उजूर न करणे" ही ओळ गावच्या पाटील-कुलकर्ण्यांसाठी आहे, दरवर्षी नवी सनद आणा म्हणून अडवू नका असं त्यांना सांगितलंय. पुढची ओळ तर तुमचीच आहे, तुम्ही नक्कल ठेवून घ्या आणि अस्सल कागद ज्याला दिला त्याला परत करा, त्याच्या भोगवट्यासाठी. म्हणून तो २३० वर्षांच्या वर तुमच्या घरी राहिला.

वरचा भाग मी आज दुपारी लावला. पदवीची नुसती सनद नाही ही. हैदराबादच्या वकिलातीवर असलेल्या माणसाला पालखी आणि आबदागीर (डोक्यावर धरायची मानाची छत्री) यांचा मान दिला आहे. आणि पालखी म्हणजे भोई आले, दिवट्या आले, त्यांचा खर्च आला, म्हणून त्या खर्चासाठी एका गावातला भोसल्यांच्या अंमलाचा ऐवज, म्हणजे वसूल, "पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने" लावून दिला आहे. त्या काळी वऱ्हाडात दोअमली होती, एकाच गावात निजामाचा हक्क आणि भोसल्यांचा हक्क, त्यातला भोसल्यांचा तुमच्याकडे आला. आधी मान आणि मग त्या मानाचा खर्च भागेल अशी तजवीज, दोन्ही एकाच कागदात, हे वाचायला मिळणं माझ्यासाठीही फार मोठी गोष्ट आहे.

गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, तुम्हाला वेगळं कळवलंय. पण ते गाव वर्धा नदीच्या पलीकडे आहे, आज अमरावती जिल्ह्यात.

आणि आबाजींचं वाक्य मला तेव्हाच आठवलं. १८०३ ला इंग्रजांशी झालेली आडगावची लढाई भोसले हरले, गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्यात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, तो निजामाला मिळाला. किल्ले तेवढे राहिले, गाविलगड आणि नरनाळा. नदी हीच हद्द ठरली. ज्या सनदेवर नागपूरचा शिक्का आहे ती त्या दिवसापासून नदीपलीकडे चालेना. पूर आला नव्हता भाऊ. तह झाला होता.

कागद नीट गुंडाळून एकदा नागपूरला घेऊन या. विदर्भ संशोधन मंडळ १९३४ पासून हेच काम करत आलंय, आणि नागपूरला पुराभिलेखागारही आहे. त्यांच्याकडच्या दफ्तरात या सनदेची नोंद मिळते का ते पाहता येईल. कागद कोणालाही देऊन टाकायचा नाही, स्कॅन करून घ्यायचा आणि अस्सल तुम्ही परत आणायचा.

---

अचलपूरवाली

मी हे सगळं आजोबांना वाचून दाखवलं, त्यांना आता कमी ऐकू येतं म्हणून दोनदा वाचलं. ते म्हणाले, आपल्या कागदातही शेवटी असंच काही होतं. आता मी आमचा प्लास्टिकमधला कागद तसाच, जसा आहे तसा, स्कॅन करून घेणार आहे. तीन ओळी गेल्या पण खालच्या आहेत अजून. बोरूवाला काका, पाठवला तर वाचाल का?

---

बोरूवाला

नक्की वाचीन ताई. उजेडासमोर धरून एक फोटो मागच्या बाजूनंही काढा, पुसलेल्या शाईची खूण कधी कधी कागदात उतरलेली असते.

---

वर्धाकाठचा

कालच्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. बोरूवाला भाऊंनी कळवलेलं गावाचं नाव घेतलं तर ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले चल. टॉर्च घेऊन आम्ही घाटावर गेलो. पाणी अजून गढूळच आहे. पलीकडे ते गाव आहे, देवळाचा कळस आमच्या घाटावरून लहानपणापासून दिसते, पोळ्याला तिकडचे बैल धुवायला पलीकडच्या काठावर उतरतात, पोरं एकमेकांना हाका मारतात. वाहून गेलेलं म्हणून जे गाव आम्ही समजत होतो, ते रोज डोळ्यासमोर उभं होतं. बाबा पायरीवर बसले अन म्हणाले, आबाजी रोज इथंच येऊन बसायचे, आम्हाले वाटे हवा खायला येतात.

काही विकायचं नाही हे बाबांनीच ठरवलं, दोन्ही चुलतभाऊ तयार आहेत. सोमवारी नागपूरला निघतो, बाबापण येतो म्हणतात, रुमाल ते स्वतःच्या मांडीवर घेऊन बसणार आहेत. एसटीनं यावं का गाडी करावी याचाच विचार चालू आहे, कारण गुंडाळी वाकता कामा नये. जाड पुठ्ठ्याची लांब नळी वर्ध्यात कुठं मिळन का, कोणाले माहीत असन तर सांगा.

---

जुनेदफ्तर

कापड दुकानातून तागा गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी मागून घ्या, फुकट देतात. पण कागद नळीच्या आत कोंबू नका. नळीला आधी पांढरं सुती कापड गुंडाळा, त्यावरून सनद सैल गुंडाळा, वरून पुन्हा कापड. अन गाडीच करा भाऊ, पावसाचे दिवस आहेत.